सूट कोणाच्या खिशातून?

(बी. कॉम., दुसरे वर्ष)

वाचकहो, आपल्या बेळगावच्या बाजारातून एक चक्कर मारून या. मराठी पाटीवर ‘सूट’ लिहिलेले असते, कन्नड पाटीवर ‘रियायिती’ आणि इंग्रजी पाटीवर ‘सेल’. गेल्या दिवाळीत मी मध्य प्रदेशातील देवासला मावशीकडे गेले होते. तेथे पाहते तो दुकानांवर ‘छूट’! भाषा चार, पण सांगणे एकच : आत या, तुमचे पैसे वाचतील. हे पैसे खरोखरच वाचतात काय? वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीला हा प्रश्न खरे तर वर्गात भेटायला हवा होता. मला तो भेटला देवासच्या एका साडीच्या दुकानात, आणि तोही माझी चांगलीच फजिती करून.

देवास म्हटले की आपल्याला कुमार गंधर्व आठवतात. बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेला हा कानडी घरातला मुलगा १९४८ मध्ये प्रकृतीच्या कारणाने देवासला गेला आणि १९९२ मध्ये शेवटचा श्वास घेईपर्यंत तेथलाच होऊन राहिला. माझी मावशीही बेळगावहून देवासची झाली, मात्र गाण्यामुळे नव्हे, लग्नामुळे! माळव्यातील मराठी घरे पेशवाईपासूनची. घरात मराठी, बाजारात हिंदी, अशी त्यांची रीत आहे. आपण नाही का, घरात मराठी नि भाजीबाजारात कन्नड बोलत?

देवासचा इतिहासही मोठा मजेदार आहे. पवार घराण्यातील दोघा भावांमुळे या एकाच गावात दोन संस्थाने झाली. एकाला म्हणत थोरली पाती, दुसऱ्याला धाकटी पाती. गाव एक आणि राजे दोन! १९४८ मध्ये ही दोन्ही संस्थाने विलीन झाली आणि दोन राजांचा कारभार संपला. पण आता प्रत्येक साडीच्या चिठ्ठीवर पुन्हा दोन राजे बसलेले दिसतात. एक थोरली किंमत, तांबड्या शाईने खोडलेली. दुसरी धाकटी किंमत, तिच्याखाली ठळक छापलेली. धाकटी किंमत आपण देतो, पण मनावर राज्य चालते ते थोरलीचेच. ते कसे, हेच या लेखात सांगावयाचे आहे.

मावशीच्या मुलीचे, म्हणजे आमच्या ताईचे, लग्न मार्गशीर्षात ठरले होते. आहेराच्या पंधरा साड्या घ्यायच्या होत्या. एक साडी फार तर ११०० रुपयांची, म्हणजे पंधरांचे १६,५०० रुपये, असा मावशीचा हिशेब पक्का होता. तेवढे पैसे तिने एका पाकिटात घालून वर ‘आहेर’ असे लिहून ठेवले होते. त्याच डब्यात दुसरे पाकीट होते. त्यावर ‘डोळा’ असे लिहिले होते. काकांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता आणि लग्नाआधी इंदूरला जाऊन त्याचे ऑपरेशन करून घ्यायचे ठरले होते.

आम्ही ज्या दुकानात गेलो त्याचे नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण अशी दुकाने गावोगाव आहेत. बाहेर भले मोठे कापडी फलक लावलेले होते : ‘५० टक्के तक की छूट’. त्यातले ५० इतके मोठे की धावत्या बसमधूनही वाचता यावे, आणि ‘तक’ इतके बारीक की शोधावे लागावे. आत गेल्यावर कळले की पन्नास टक्क्यांच्या साड्या कोपऱ्यातल्या एका टोपलीत आहेत. आम्हाला आवडल्या त्या साड्यांवर चाळीस टक्के सूट होती. थोरली किंमत २४०० रुपये, धाकटी १४४०.

मावशीने माझ्याकडे पाहिले. “तू कॉमर्सवाली ना, तूच सांग. घ्यायच्या?”

वाचकहो, त्या क्षणी माझा अभिमान जागा झाला. मी तोंडी हिशेब करून सांगितले, “मावशी, एकेका साडीमागे ९६० रुपये वाचताहेत. अशी संधी पुन्हा यायची नाही.” सेल्समन लगेच म्हणाला, “बेटी समझदार है, माताजी. और आज आखिरी दिन है.” झाले! पंधराच्या अठरा साड्या झाल्या. लग्नघर आहे, लागतीलच, असे मीच म्हटले. वीस हजारांवर खरेदी झाली म्हणून एक चाकांची बॅग ‘मुफ्त’ मिळाली. बिल झाले २५,९२० रुपये, आणि बिलाच्या तळाशी छापून आले : आपण १७,२८० रुपये वाचवले!

घरी येऊन मावशीने हा आकडा सगळ्यांना सांगितला. काका बँक नोट प्रेसमधून निवृत्त झालेले आहेत. ते शांतपणे म्हणाले, “नोटा छापताना जन्मभर पाहिल्या, पण न छापलेले सतरा हजार प्रथमच पाहतोय. कुठे ठेवलेस?” आम्ही सगळे हसलो. हसण्यासारखे त्यात काही नव्हते, हे मला चार दिवसांनी उमगले.

चार दिवसांनी आम्ही निमंत्रण द्यायला धारला गेलो. देवासहून इंदूरमार्गे धार साधारण शंभर किलोमीटर. निघताना त्या दुकानावरून गेलो, तर फलक तसाच आणि त्याखाली नवी पट्टी : ‘जनता की भारी माँग पर’ मुदत वाढवली आहे! आखिरी दिन काही आखिरी ठरला नव्हता.

धार ही राजा भोजाची नगरी. तेथे मावशीची नणंद राहते. ताईची ती आत्या म्हणून मीही तिला आत्याच म्हणते. तिला ब्लाउजपीस घ्यायचे होते म्हणून तिच्याबरोबर जुन्या बाजारातल्या एका दुकानात गेलो. गादी, पांढरी चादर, गिऱ्हाइकाला पाणी विचारणारे वयस्क दुकानदार. फलक नाही, सेल नाही. आणि समोरच्या फळीवर आमचीच साडी! तोच शिक्का, तोच नंबर, तीच बुट्टी. किंमत विचारली. १३५० रुपये म्हणाले. आत्याने घासाघीस केल्यावर १३०० ला तयार झाले.

मावशी काही बोलली नाही. परतीच्या बसमध्ये इंदूर आल्यावर तिने एवढेच म्हटले, “मला पंधराच हव्या होत्या गं.”

येथे मला एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. देवासच्या दुकानदाराने आम्हाला लुबाडले, असे मी म्हणत नाही. त्याचे दुकान मोठे, दिवे जास्त, नोकर जास्त. १४४० आणि १३०० यांत तेवढा फरक पडू शकतो. प्रश्न त्या २४०० चा आहे. १४४० आम्ही दिले, १३०० धारला मागितले, पण २४०० कोणी दिले होते? तो आकडा मला त्या चिठ्ठीखेरीज कोठेही दिसला नाही. आणि ज्याला मी ‘१७,२८० ची बचत’ म्हणत होते, ती याच न दिसणाऱ्या आकड्यातून वजा केलेली होती. प्रत्यक्षात पाकिटातले १६,५०० संपून वरचे ९,४२० रुपये गेले होते. ते गेले ‘डोळा’ लिहिलेल्या पाकिटातून.

बेळगावला परत आल्यावर मी ही हकिगत आजोबांना सांगितली. त्यांनी शहापूरच्या एका कापड दुकानात वर्षानुवर्षे दिवाणजी म्हणून वह्या लिहिल्या आहेत. ते म्हणाले, “पोरी, तुला कॉलेजात कसर शिकवली नाही काय?” शिकवली होती! पण परीक्षेत लिहिण्यापुरती.

जे वाणिज्य शाखेचे नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कसर म्हणजे सूट. ती दोन जातींची असते. पहिली व्यापारी कसर. ही छापील किमतीतून बिलातच वजा होते आणि उरलेली रक्कम तेवढी वहीत लिहितात. दुसरी रोख कसर. गिऱ्हाइकाने पैसे लवकर दिले म्हणून व्यापारी आपल्या येण्यातून काही सोडतो. ही मात्र वहीत खर्च म्हणून चढते, कारण तेवढे पैसे त्याच्या खिशातून खरोखरच गेलेले असतात.

सेलमधली चाळीस टक्के सूट कोणत्या जातीची? पहिल्या. म्हणजे त्या दुकानाच्या वहीत त्या दिवशी काय लिहिले गेले असेल? ‘विक्री २५,९२०.’ बस्स! २४०० चा आकडा नाही, १७,२८० चा तर नाहीच. ज्या कसरीची नोंद देणाऱ्याच्या वहीत खर्च म्हणून नाही, तिची नोंद घेणाऱ्याने आपल्या मनात जमा म्हणून का करावी? एवढा एक प्रश्न मी त्या दुकानात स्वतःला विचारला असता, तर आम्ही पंधराच साड्या घेऊन बाहेर पडलो असतो.

मग काय, सगळेच सेल खोटे? नाही. तसे म्हणणे व्यापाऱ्यांवर अन्याय करणे होईल. माझ्या मते कसोटी एकच आहे : ही सूट कोणाच्या खिशातून येते आहे आणि तो ती का देतो आहे? याचे सरळ उत्तर मिळाले तर सूट खरी समजावी.

आपल्या कर्नाटकातला आषाढ सेल घ्या. आषाढात लग्नकार्ये नसतात. गिऱ्हाईक कमी, पण भाडे, पगार नि व्याज चालूच. कपाटात अडकलेला माल म्हणजे अडकलेला पैसा. तो मोकळा करण्यासाठी व्यापारी आपल्या नफ्यातला काही भाग सोडतो. हे कारण समजण्यासारखे आहे. थंडी संपताना स्वेटर स्वस्त होतात, तेही असेच. खादीवर गांधी जयंतीपासून मिळणारी सूट हे आणखी एक उदाहरण. तिचा भार वर्षानुवर्षे सरकारने उचलला. २०१० पासून मदतीची पद्धत बदलली, पण खादीमागे सरकारचे साहाय्य आहे हे उघड आहे. येथे पैसे कोणाचे, हे लपलेले नाही.

आता दिवाळीचा सेल पाहा. पुष्य नक्षत्र, धनत्रयोदशी, पुढे लग्नसराई. गिऱ्हाईक दारात रांग लावून उभे असते. ज्या आठवड्यात माल कोणत्याही किमतीला खपणार, त्याच आठवड्यात व्यापारी निम्म्या किमतीत का बरे विकेल? दानशूर कर्णाचा अवतार बाजारपेठेत झाला आहे, असे मानायला मी तयार नाही. अशा वेळी बहुधा आधी थोरली किंमत वाढते आणि मग धाकटी जन्माला येते.

कधी कधी सूट तिसऱ्याच्याच खिशातून येते. धारच्या त्या दुकानात बाग प्रिंटच्या साड्याही होत्या. बाग हे गाव धार जिल्ह्यातलेच. लाकडी ठशांनी हाताने छापलेले तांबडे-काळे नक्षीकाम ही तेथल्या कारागिरांची ओळख आहे. कापड धुवायचे, वाळवायचे, हाताने एकेक ठसा उमटवायचा, पुन्हा वाहत्या पाण्यात धुवायचे, उकळायचे, यात दिवसचे दिवस जातात. आत्याने विचारले, “यावर काही कमी?” दुकानदार म्हणाले, “यात कमी करायला जागा मजुरीचीच, ताई. मग कारागिरानं काय खावं?” निम्म्या किमतीला मिळणारी ‘बाग’ साडी बहुतेक यंत्रावर छापलेली नक्कल असते, असेही ते म्हणाले. फार मोठी सूट दिसली की माल तरी दुसरा असतो, नाहीतर कोणा गरिबाची मजुरी तरी कापलेली असते. हा विचार माझ्या मनात पूर्वी कधीच आला नव्हता.

दोष एकट्या व्यापाऱ्याचा नाही. अमेरिकेत जे. सी. पेनी नावाचा दुकानांचा मोठा समूह आहे. त्याने २०१२ मध्ये सेल आणि कूपने बंद करून रोजच्याच सरळ, कमी किमती लावल्या. गिऱ्हाइकांनी त्याचे स्वागत करायला हवे होते. झाले उलटेच! त्या वर्षी विक्री सुमारे पावपटीने घटली, २०१३ मध्ये प्रमुखाला जावे लागले आणि सेल परत आले. गिऱ्हाइकाला कमी किमतीपेक्षा खोडलेली किंमत अधिक प्रिय असते, हाच त्याचा अर्थ. धारच्या दुकानात फलक नव्हता, म्हणून आपणहून आम्ही तेथे गेलोच नसतो. देवासच्या दुकानात मला ज्या आनंदाने घेरले, तो जिंकल्याचा आनंद होता. साडीचा नव्हता.

कायदा काय म्हणतो? पाकीटबंद मालावर छापलेली कमाल किरकोळ किंमत, म्हणजे आपली एमआरपी, एवढेच सांगते की याहून जास्त घेऊ नका. वस्तूची योग्य किंमत तेवढी आहे, असे ती कधीच सांगत नाही. आपण मात्र तिलाच खरी किंमत समजतो. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा याबाबत बराच स्पष्ट आहे. सवलतीची जाहिरात करून त्या किमतीत वाजवी मुदतीपर्यंत आणि वाजवी प्रमाणात माल न देणे, तसेच जिची किंमत आपल्याच बिलात धरलेली आहे अशी वस्तू ‘मोफत’ म्हणून भासवणे, या दोन्ही गोष्टी त्यात अनुचित व्यापारी प्रथा ठरतात. (आमची चाकांची बॅग आठवली ना?) सेलचा माल म्हणून सदोष वस्तूही परत घेणार नाही, असे दुकानदाराला म्हणता येत नाही. एमआरपीत सर्व कर धरलेले असताना सवलतीच्या किमतीवर वेगळा व्हॅट लावणे चूक आहे, असा निर्णय राष्ट्रीय आयोगाने जानेवारी २०१७ मध्ये दिला. ऑनलाइन दुकानांत ‘फक्त दहा मिनिटे उरली’ अशी खोटी घाई लावण्यालाही नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनी मनाई केली आहे. तक्रारीसाठी १९१५ हा क्रमांक आहे.

युरोपीय संघाने याच्याही पुढचे पाऊल टाकले आहे. २०२२ पासून तेथे सूट जाहीर करताना आधीच्या तीस दिवसांतील सर्वांत कमी किंमत सांगावी लागते. थोरली किंमत मनाने लिहायची सोयच नाही! असा नियम आपल्याकडेही झाला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याने प्रामाणिक व्यापाऱ्याचे काही बिघडणार नाही. उलट धारच्या त्या दुकानदारासारख्यांचे भलेच होईल.

पण कायदा होईपर्यंत आपण काय करावे? आजोबांनी मला एक साधी रीत सांगितली. दुकानात जाण्यापूर्वी तीन गोष्टी कागदावर लिहाव्यात : काय घ्यायचे, किती घ्यायचे आणि जास्तीत जास्त किती द्यायचे. आत गेल्यावर थोरल्या किमतीवर बोट ठेवून ती झाकावी आणि धाकटी आपल्या कागदाशी ताडून पाहावी. कागदापेक्षा कमी पडली तर तेवढीच बचत, बाकी सारा भ्रम. जोडीला टक्क्यांचा हिशेब नीट करावा. ‘५० टक्के अधिक २० टक्के’ म्हणजे सत्तर नव्हे, साठच. हजाराचे पाचशे, आणि पाचशेचे चारशे. ‘चारांवर एक मोफत’ म्हणजे वीस टक्के, आणि तेही पाचांची गरज असेल तरच. ज्याला एकच सदरा हवा त्याने पाच घेतले, तर त्याने तीन सदऱ्यांचे पैसे जादा घालवले, वाचवले नाहीत.

मी आता अशी छोटी वही ठेवते. तेल, साबण, वह्या, चपला, जे घेऊ त्याची तारीख आणि दिलेली किंमत लिहिते. त्यामुळे सेल लागला की विचारायला दुकानदाराची चिठ्ठी लागत नाही, माझीच वही सांगते. खर्च एका वहीचा. वाणिज्य शाखेच्या मित्रमैत्रिणींना माझी विनंती आहे की त्यांनीही असे करून पाहावे. परीक्षेत जमाखर्चाचे गणित जुळले म्हणून घरचे जुळतेच असे नाही, हे मी स्वानुभवाने सांगते.

राहता राहिले ते दुसरे पाकीट. काकांचे ऑपरेशन लग्नाआधी झाले नाही. ते संक्रांतीनंतर झाले आणि आता त्यांना स्वच्छ दिसते. मात्र लग्नात अक्षता पडत असताना समोरच्यांचे चेहरे त्यांना धूसरच दिसत होते, असे ताईने मला फोनवर सांगितले. काकांनी मला कधी एका शब्दाने दोष दिला नाही. जादा घेतलेल्या तीन साड्या मावशीच्या कपाटात अजून तशाच घडीत आहेत. बिलावर छापलेले १७,२८० रुपये मात्र अद्याप कोणाला सापडलेले नाहीत.